‘हप्ता चुकला तर मला सांगाल का?’

“जुन्या वस्तूसाठी कुणी कर्ज काढतं का हो, मॅडम?” हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला आहे की आता तो विचारणाऱ्याच्या तोंडाकडे न बघता त्याच्या शेजारी बसलेल्या माणसाकडे बघते. प्रश्न मला विचारलेला असतो, पण ऐकवायचा असतो जोडीदाराला. घराचं वीस वर्षांचं कर्ज मंजूर झालं म्हणून पेढे वाटणारी माणसं सेकंडहँड गाडीच्या तीन-चार लाखांवरून महिनोन्‌महिने अबोला धरतात. घर वाढतं, गाडी झिजते, मग झिजणाऱ्या वस्तूवर व्याज का भरायचं, असं एकाचं म्हणणं. पावसात दोन पोरांना दुचाकीवर किती वर्षं न्यायचं, असं दुसऱ्याचं. दोघंही खरं बोलत असतात, म्हणूनच भांडण मिटत नाही.

मी जोडप्यांची समुपदेशक आहे, पैशाची सल्लागार नाही. पण पैशाच्या भांडणात पैशाचा कागद टेबलावर आल्याशिवाय मी पुढे जात नाही. मन आणि आकडे वेगवेगळ्या खोल्यांत ठेवले की दोन्ही आपापल्या जागी मोठे होत जातात, असा माझा अनुभव आहे.

सातारा भागातलं एक जोडपं. नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. सुनील एमआयडीसीत सुपरवायझर, मनीषा खासगी शाळेत शिक्षिका. दोघांचं मिळून महिन्याला चौसष्ट हजार हातात येतात. मनीषाने २०१९ची एक स्विफ्ट बघून ठेवली होती, फर्स्ट ओनर, किंमत ५ लाख २५ हजार. भिशी आणि आरडीचे मिळून सव्वा लाख जमले होते, उरलेल्या ४ लाखांचं कर्ज. सुनील आधी हो म्हणाला, मग नाही म्हणाला, मग विषय काढला की बाहेर जाऊ लागला.

“यांना गाडीच नकोय,” मनीषा म्हणाली.

“गाडी हवीय. कर्ज नको.”

“मग रोख कुठून आणायची?”

“दोन वर्षं थांबू.”

“दोन वर्षांपूर्वीही हेच म्हणाला होतात.”

पुढच्या वेळी येताना कर्जाचा कागद घेऊन या, असं मी सांगितलं. आली ती गाडीवाल्याच्या एजंटने पेनने लिहून दिलेली चिठ्ठी: ४ लाख, व्याज ८ टक्के, मुदत ४ वर्षं, हप्ता ११,०००. मी सुनीलला मोबाइलवर गुणाकार करायला लावला. अकरा हजार गुणिले अठ्ठेचाळीस, म्हणजे ५ लाख २८ हजार. व्याज १ लाख २८ हजार. मग दुसरा कागद बघितला. मनीषाच्या पगाराचं खातं असलेल्या बँकेने १२ टक्के दर सांगितला होता आणि तो ऐकूनच तिने तो कागद बाजूला टाकला होता. त्यातला हप्ता होता १०,५३३.

“बारा टक्क्यांचा हप्ता आठ टक्क्यांपेक्षा कमी कसा?” सुनीलने विचारलं, आणि कारखान्यातला माणूस असल्यामुळे उत्तरही त्यानेच काढलं. एजंटचे ८ टक्के ‘फ्लॅट’ होते. मुद्दल दर महिन्याला फिटत जातं, तरी व्याज चारही वर्षं पूर्ण ४ लाखांवर लावायचं, असा तो हिशेब. बँकेचं व्याज उरलेल्या मुद्दलावर, म्हणजे घटत्या शिलकीवर. त्या हिशेबाने एजंटचे ८ टक्के प्रत्यक्षात साडेचौदाच्या आसपास जातात. चार वर्षांत फरक बावीस हजारांहून जास्त.

हे मी प्रत्येक जोडप्याला सांगते, म्हणून इथेही सांगते. तोंडी टक्का ऐकून कर्ज ठरवू नका. १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि फायनान्स कंपन्यांनी अशा नव्या कर्जाआधी ‘की फॅक्ट्स स्टेटमेंट’ द्यायचं, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. त्यात प्रोसेसिंग फी वगैरे धरून येणारा वार्षिक दर एका आकड्यात लिहिलेला असतो. दोन ठिकाणचे ते आकडे शेजारी ठेवायचे. कागद द्यायला कुणी टाळाटाळ केली, तर तिथून उठायचं.

सुनीलला हे सगळं कळलं, पटलं. तरी तो म्हणाला, “ठीक आहे. पण नकोच.”

माझ्या कामात अशा ‘पण नकोच’ची मी वाट बघत असते. आकड्यांची भीती आकडे समजले की उतरते. उतरली नाही, तर ती या कागदातून आलेली नाही, जुन्या एखाद्या घरातून आली आहे, असं मी धरून चालते. समोर बसलेला माणूस मला कधीच एकटा दिसत नाही. तो ज्या घरात वाढला ते घर त्याच्यासोबत आत आलेलं असतं. मी विचारलं, “कर्ज हा शब्द तुमच्या घरी पहिल्यांदा कधी ऐकलात?”

बराच वेळ गेला. मग तो म्हणाला, “घरी कधी ऐकलाच नाही.”

मग हळूहळू बाहेर आलं. वडिलांनी वडापसाठी, म्हणजे गावोगावचे पॅसेंजर न्यायला, जुनी जीप घेतली होती, फायनान्सवर. पहिलं वर्ष बरं गेलं, मग हप्ते थकले. सुनील तेव्हा नऊ वर्षांचा. स्टँडसमोर चौघांनी गाडी थांबवली, पॅसेंजर उतरवले आणि जीप ओढून नेली. पुढच्या सीटवर हा बसलेला होता. परत येताना वडिलांनी त्याला भजी खायला घातली आणि म्हणाले, “आईला सांगायचं, गाडी गॅरेजला आहे.”

“मग?”

“मग सांगत राहिलो. महिनाभर. आई रोज विचारायची, झाली का दुरुस्त? मी सांगायचो, इंजिनचं काम आहे.”

मनीषा लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर हे पहिल्यांदा ऐकत होती. अशा वेळी माझ्या क्षेत्रातले पुष्कळजण बोलायची घाई करतात. मी गप्प राहते, आणि ते मला जमतं, एवढं मी स्वतःबद्दल म्हणू शकते. ती त्याच्याकडे वळली आणि तिने जे विचारलं, ते माझ्या कुठल्याही प्रश्नापेक्षा नेमकं होतं.

“हप्ता चुकला तर मला सांगाल का?”

तो ‘हो’ म्हणायला गेला आणि थांबला. “नाही सांगणार बहुतेक,” तो म्हणाला. “कुणाकडून तरी उसने घेऊन भरेन.”

“मला भीती वाटते ती त्याचीच. अकरा हजारांची नाही.” आणि मग, थोड्या वेळाने, “मीही तुम्हाला एक सांगितलेलं नाही. त्या गाडीला दहा हजार टोकन देऊन आलेय.”

त्याला राग आला, आणि तो येऊ द्यायला हवाच होता. पण त्या तासाभरात दोघांच्या लक्षात आलं की घरात लपवाछपवी आधीच सुरू झाली होती, कर्ज यायच्याही अगोदर. सुनील ज्याला कर्जाची भीती म्हणत होता, ती नऊ वर्षांच्या पोराने महिनाभर सांभाळलेल्या खोट्याची भीती होती. कर्ज आलं की बायकोशी खोटं बोलावं लागणार, हे त्याच्या मनाने कधीच ठरवून टाकलं होतं. भीतीला असं नेमकं नाव मिळालं की तिच्यावर काम करता येतं. नुसतं ‘कर्ज वाईट’ म्हणत बसलं, तर घर दोन वर्षं, चार वर्षं थांबत राहतं.

त्यानंतर मी त्यांना ‘हप्त्याची तालीम’ करायला सांगितली. गाडी घ्यायच्या आधी चार महिने, पगार झाला की हप्त्याचे दहा हजार आणि पेट्रोल, विमा, सर्व्हिसिंगचे पाच हजार एका वेगळ्या संयुक्त खात्यात टाकायचे. पैसे आले-गेले की मेसेज दोघांच्या मोबाइलवर. गाडी परवडते का, याचं उत्तर पगाराच्या स्लिपवर मिळत नाही, या चार महिन्यांत मिळतं. बहुतेक घरांत हप्त्याचा हिशेब होतो आणि गाडी चालवण्याचा राहून जातो.

जूनमध्ये वह्या, गणवेश, फी आली आणि तीन हजार कमी पडले. एका संध्याकाळी चपला काढता काढताच सुनील म्हणाला, “या महिन्यात पंधरा जमणार नाहीत, बारा टाकू.” मनीषाने मला हे फोन करून सांगितलं. तीन हजार कमी पडल्याचं तिला काहीच वाटलं नव्हतं. त्याने आपणहून, पहिल्यांदा, आधी सांगितलं होतं. मला विचाराल तर या केसमधला खरा बदल तो होता, गाडी नंतर आली.

तालमीमुळेच त्यांना कळलं की ४ लाख त्यांच्या घराला जड आहेत. स्विफ्ट सोडली. टोकनचे दहा हजार परत मिळाले नाहीत, कारण पावतीवर काही लिहिलेलंच नव्हतं. टोकन देताना ‘कर्ज मंजूर न झाल्यास किंवा कागदपत्रांत दोष आढळल्यास पूर्ण रक्कम परत’ एवढी ओळ लिहून घ्या. शेवटी २०१७ची वॅगनआर ४ लाख १० हजारांना घेतली, १ लाख १० हजार स्वतःचे. ३ लाखांचं कर्ज, १२ टक्क्यांनी, ३ वर्षांसाठी, हप्ता दहा हजारांच्या आत. तालमीत जमलेले सत्तावन्न हजार त्याच खात्यात ठेवायला मी सांगितलं. हप्ताही तिथूनच जातो. म्हणजे पाच महिने काहीही झालं तरी लपवायची वेळ नको.

सुनीलसारख्या लोकांना मी आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगते. एक हप्ता चुकला म्हणून दुसऱ्या दिवशी गाडी ओढून नेता येत नाही, आधी नोटीस द्यावी लागते. वसुलीचे फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करायचे नाहीत, असंही रिझर्व्ह बँकेने बजावलेलं आहे. चेक बाउन्सचा दंड लागतो, सिबिल, म्हणजे कर्जफेडीच्या सवयीचा स्कोअर, खराब होतं, हे खरं. पण अडचण दिसताच हप्त्याच्या तारखेआधी बँकेत जाऊन बोलणारा माणूस आणि फोन बंद करून बसणारा माणूस, यांच्याशी बँक सारखं वागत नाही.

एका मार्गावर मात्र कुणालाच जाऊ देत नाही. “आधीच्या मालकाचं कर्ज चालू आहे, तुम्ही फक्त हप्ते भरा, स्टॅम्प पेपरवर लिहून देतो.” हे स्वस्त पडतं म्हणून माणसं भुलतात. पण कर्ज त्याच्या नावावर, आरसी (गाडीचं नोंदणीपत्र) त्याच्या नावावर, आणि बँकेच्या दृष्टीने तुम्ही कुणीच नाही. कर्ज थकलं तर बँक गाडी नेईल, आणि ती तुमच्या दारातून जाईल. आरसीवर बोजा, म्हणजे चालू कर्जाची नोंद, आहे का, विमा कधीपर्यंत आहे, हे परिवहनच्या ॲपवर गाडीचा नंबर टाकला की दिसतं. किती दंड बाकी आहेत तेही बघता येतं. हे बघितल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका. डाउन पेमेंट कमी पडतं म्हणून वर पर्सनल लोन घेऊ नका. बँकेने गाडीचं मूल्यांकन मागितलेल्या किमतीपेक्षा कमी केलं, तर ती तुमच्या फायद्याची माहिती आहे, मालकाशी घासाघीस करायला वापरा.

गाडी घेतल्यावर फॉर्म २९ आणि ३० भरून नाव लावायचं काम एजंटवर सोडून विसरायचं नाही. विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्यायचा. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल मिळणारी सूट, त्याच्याकडेच राहतो, त्यामुळे प्रीमियम थोडा वाढला तर दचकू नका. आणि शेवटचा हप्ता गेला की बँकेकडून एनओसी (ना-हरकत पत्र) आणि फॉर्म ३५ मागून घ्या, आरटीओत जाऊन आरसीवरचा बोजा उतरवून घ्या. कर्ज फिटलं की माणसं हे काम पुढे ढकलतात आणि गाडी विकायला काढल्यावर धावपळ करतात. मनीषाने शेवटच्या हप्त्याच्या पुढच्या आठवड्यातली तारीख मोबाइलमध्ये आत्ताच टाकून ठेवली आहे, सुनीलच्याही.