१८ की १६?

“मॅडम, बीजगणितात याला पैकीच्या पैकी मिळतात, मग सरासरी चालीचं साधं उदाहरण का चुकतं? पुढे विज्ञान शाखा झेपेल ना याला?” नववीतील मुलाला घेऊन आलेल्या एका आईचा हा प्रश्न. पुण्यात समुपदेशन करताना, विशेषतः चाचण्यांचे पेपर घरी आले की, तो मी निरनिराळ्या शब्दांत ऐकत आले आहे.

अभियोग्यता चाचणीची घाई न करता मी आधी त्याची वही मागितली. उदाहरण असे होते: खडकवासल्याला जाण्याचे अंतर १२ किलोमीटर धरा, सायकलने जाताना चाल ताशी १२ किलोमीटर, त्याच रस्त्याने परतताना ताशी २४, तर सरासरी चाल किती? त्याने १२ आणि २४ यांची बेरीज करून दोनाने भागले होते आणि १८ या उत्तराखाली ठसठशीत दोन रेघा ओढल्या होत्या. शेजारी लाल फुली होती.

एकूण अंतर भागिले एकूण वेळ, हे सूत्र त्याला पाठ होते. तोंडी हिशेब झटपट येत असल्यामुळे ते वापरण्याची त्याला गरजच वाटली नव्हती. हुशार मुलांची ही खोड मला नवीन नाही.

“जाताना किती वेळ सायकलवर होतास?”

“एक तास.”

“आणि येताना?”

“अर्धा...” तो थांबला. संथ चालीने आपण दुप्पट वेळ होतो, म्हणून सरासरी तिच्याकडे झुकणार, हे त्याचे त्यानेच सांगितले. दोन्ही चालींनी एकेक तास सायकल चालवली असती, तर १८ हे उत्तर बरोबर ठरले असते.

मग त्याने २४ भागिले १.३० असे मांडले. दीड तास म्हणजे १.५ तास, हे मात्र मला सांगावे लागले. उत्तर आले ताशी १६ किलोमीटर.

आईंना मी शिकवणी बदलू नका, एवढेच सुचवले. पंधरा दिवस प्रत्येक उदाहरणात आधी अंतर, वेळ आणि चाल यांचा तक्ता आखायचा, असे मुलाशी ठरले. विज्ञान शाखेचा निर्णय या एका फुलीवरून घेण्यासारखा नव्हताच.

उठता उठता त्याने विचारले, “धरणावर भजी खायला अर्धा तास थांबलो, तर तोही वेळ धरायचा?”

“धरायचा.”

“म्हणजे ताशी १२च!” यावेळी त्याने बरोबर भागले होते.