फॉर्म भरण्याआधी जागा मोजा

पहिलीचा फॉर्म घेण्याआधी शाळेच्या ऑफिसात विचारा: तुकड्या किती, आणि भावंडांना किती जागा जातात? सीबीएसईच्या नियमाने तुकडीत साधारण ४० मुलं. दोन तुकड्या म्हणजे ८०. खासगी विनाअनुदानित शाळेत त्यातल्या २५ टक्के, म्हणजे २०, आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याखाली वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठीच्या) सोडतीला. (अल्पसंख्याक शाळांना ही अट नाही.) उरलेल्या ६० मधून भावंडं, शिक्षकांची मुलं वजा करा, तुमची खरी स्पर्धा उरलेल्या जागांसाठी. नर्सरीपासून वर्ग असतील तर तीच मुलं वर सरकतात, पहिलीत फारसं काही उरत नाही. अशा शाळेसाठी नर्सरीलाच प्रयत्न करा. वेटिंगवर नाव लागलं तरी धीर सोडू नका. फी भरायची मुदत संपली की यादी हलते, त्या आठवड्यात स्वतः जाऊन चौकशी करा.