हॅण्डओव्हरनंतरचा अर्धा तास

प्रश्न : ताई, मी ३४ वर्षांची आहे. बी.एस्सी. नर्सिंग होऊन अकरा वर्षं झाली, त्यातली शेवटची सहा आयसीयूत. आता पुढची पदवी घ्यायची आहे. आमच्या मेट्रन म्हणतात, अॅडमिनिस्ट्रेशनला जा, पुढेमागे माझी खुर्ची तुलाच मिळेल. बरोबरची मैत्रीण नर्स प्रॅक्टिशनर व्हायच्या तयारीला लागली आहे आणि मलाही ओढते आहे. नवऱ्याचा विरोध नाही, पण तो विचारतो, एवढं शिकून शेवटी नर्सच राहणार ना? आधीच ड्यूटी संपल्यावर हॅण्डओव्हर देऊनही, म्हणजे पुढच्या पाळीला पेशंट सोपवूनही, माझा पाय निघत नाही. नव्या मुलींना व्हेंटिलेटरचे अलार्म समजावण्यात अर्धा तास जातो आणि घरी बोलणी खावी लागतात. कोणती पदवी घेतली तर करिअर पुढे जाईल? आणि माझं वय तर निघून गेलं नाही ना?

उत्तर : वयानं मी तुझ्याहून बरीच मोठी, म्हणून सरळ अगं-तूगं करते. तुझं पत्र मी तीनदा वाचलं. मेट्रनबाई काय म्हणतात, मैत्रीण काय म्हणते, नवरा काय विचारतो, हे सगळं तू नीट लिहिलं आहेस. तुझं स्वतःचं मन कुठे ओढ घेतं ते मात्र एकाच ठिकाणी आलंय, आणि तेही तक्रारीच्या सुरात. तो अर्धा तास. कुणी सांगितलेलं नाही, त्याचा पगार नाही, घरी बोलणी बसतात, तरी तू थांबतेस. मी तुझ्या जागी असते तर पदवीचा विचार तिथूनच सुरू केला असता.

हे इतक्या ठामपणे सांगते, कारण मी एकदा चुकले आहे. तिशी ओलांडताना मीही अॅडमिनिस्ट्रेशनला प्रवेश घेतला होता, केवळ ज्येष्ठतेच्या यादीत माझं नाव वर आलं होतं म्हणून. विषय हलका नव्हता. ड्यूटी रोस्टर, मनुष्यबळाची आखणी, खर्चाचा हिशेब, औषधांच्या साठ्याचं गणित. माझ्या बाकावरची मुलगी त्यात रमली. तीन सुट्ट्या आणि दोन आजारपणं आली तरी रोस्टर न विस्कटता ती असं बसवायची, की कुणालाच सलग जास्त नाईट पडू नयेत. पुढे तिच्या हाताखाली काम करणाऱ्या सिस्टर्स नोकरी सोडून जात नसत. मी मात्र मधली सुट्टी झाली की वॉर्डात जाऊन बसायची. एक सत्र संपल्यावर मी तो अभ्यासक्रम सोडला आणि पुन्हा पुस्तकाला हात लावला तो थेट एक्केचाळिसाव्या वर्षी. तेव्हा वयाचा प्रश्न इथेच मिटवू या. ३४ हे वय अगदी योग्य आहे. अकरा वर्षांचे पेशंट तुझ्या डोळ्यांसमोर आहेत, वर्गात प्रत्येक पानावर तुला एकेक चेहरा आठवेल.

आता नवऱ्याच्या प्रश्नाकडे येते, कारण तो तुलाही आतून टोचतोय असं वाटतं.

एका नाईटला माझ्याकडे सात नंबरच्या खाटेवर ऑपरेशन होऊन तिसरा दिवस असलेले एक गृहस्थ होते. चार्टवर श्वासाच्या रकान्यात ओळीनं वीस, वीस, वीस, वीस. आपल्यातल्या प्रत्येकीनं असा चार्ट पाहिलेला आहे. श्वास पूर्ण मिनिटभर मोजायला वेळ नसला की 'वीस' लिहिलं जातं. मी घड्याळ हातात धरून त्यांच्या छातीकडे बघत बसले. पूर्ण मिनिटाला अठ्ठावीस. रक्तदाब ठीक, ताप नाही, सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातला प्राणवायू, तोही ठीक. मी डॉक्टरांना फोन केला. पलीकडून विचारणा झाली, "सिस्टर, बाकी सगळं नॉर्मल आहे ना? मग तुम्हाला काय वाटतंय?" मला एवढंच म्हणता आलं, "मला पेशंट बरा वाटत नाहीये." ते वेळ काढून येतो म्हणाले. पहाटे त्या गृहस्थांचा रक्तदाब कोसळला आणि त्यांना धावपळ करून आयसीयूत हलवावं लागलं. ते वाचले. पण फोनवरचं ते माझं अडखळणं माझ्या डोक्यातून कधी गेलं नाही.

मास्टर्सच्या पहिल्याच सत्रात पॅथोफिजिऑलॉजीच्या (आजारात शरीरात काय बिघडतं त्या विषयाच्या) तासाला बाईंनी फळ्यावर समजावलं, की जंतुसंसर्गात पेशींना पुरेसा प्राणवायू मिळेनासा झाला की रक्तात आम्ल साठायला लागतं, ते कमी करायला शरीर कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर टाकतं आणि त्यासाठी श्वास वाढतो. रक्तदाब पडतो तो पुष्कळदा त्यानंतर. मला फळ्यावर सात नंबरची खाट दिसली. तेव्हापासून फोनवर मी आकडा सांगायची, त्याच्यापुढे कारण सांगायची, आणि डॉक्टर लगेच यायचे. पॅट्रिशिया बेनर या अमेरिकन नर्सिंग-अभ्यासक. त्यांनी १९८४ मध्ये नर्सच्या कौशल्याच्या पाच पायऱ्या मांडल्या, नवशिकीपासून तज्ज्ञापर्यंत. तज्ज्ञ नर्सला पेशंट बिघडतोय हे आधी कळतं आणि का ते नंतर सांगता येतं, हे त्यांनी फार बारकाईनं दाखवलं आहे. रात्री तीन वाजता फोनवर ते 'का' आपल्या जिभेवर असावं लागतं, आणि मला ते अभ्यासानं दिलं.

तेव्हा नवऱ्याला सांग, हो, नर्सच राहणार. आणि हेही सांग : २०१४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात नर्सिंग-संशोधक लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास छापून आला. युरोपातले नऊ देश, ३०० रुग्णालयं आणि ऑपरेशन झालेले चार लाखांहून जास्त पेशंट त्यात होते. पदवीधर नर्सेसचं प्रमाण जिथे १० टक्क्यांनी जास्त, तिथे दाखल झाल्यापासून ३० दिवसांत पेशंट दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी कमी आढळली. आणि एका नर्सकडे एक पेशंट वाढला की ती शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. अभ्यास पहिल्या पदवीबद्दलचा आहे, मास्टर्सबद्दलचा नाही, आणि एकामुळेच दुसरं घडलं असं त्यातून सिद्ध होत नाही. पण 'शिकून काय फरक पडतो' असं म्हणणाऱ्याला विचार करायला लावण्याइतका तो मोठा आहे.

आता पदव्या. मैत्रिणीचा रस्ता कसा तयार झाला ते आधी बघ. १९६५ मध्ये लोरेटा फोर्ड या नर्स आणि हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ, या दोघांनी अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठात नर्स प्रॅक्टिशनरचा पहिला अभ्यासक्रम सुरू केला. जिथे मुलांना डॉक्टर मिळत नव्हते, तिथे नर्सनं तपासावं, वाढ बघावी, साधे आजार हाताळावेत, हा त्यामागचा विचार. आजही या कामाचा गाभा तोच आहे. समोर आलेल्या पेशंटला तू तपासतेस, निदानापर्यंत जातेस, कायदा परवानगी देत असेल तिथे औषध लिहून देतेस. ही जबाबदारी जिला अंगावर घ्यावीशी वाटते, तिच्यासाठी हे फार सुंदर काम आहे. तुझ्या पत्रात त्याबद्दल एक शब्दही नाही. मैत्रीण ओढते आहे, इतकंच आहे.

तुझं पत्र वाचताना मला आठवली ती दुसरी वाट, क्लिनिकल नर्स स्पेशालिस्टची. हिल्डगार्ड पेपलाऊ या नर्सनं १९५४ मध्ये अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठात मानसिक आरोग्याच्या शाखेत या वाटेचं पदव्युत्तर शिक्षण सुरू केलं. या नर्सच्या कामाचे तीन भाग मानले जातात : अवघड पेशंटची प्रत्यक्ष शुश्रूषा, इतर नर्सेसना तयार करणं आणि वॉर्डाच्या पद्धती सुधारणं. तुझा अर्धा तास यातल्या दुसऱ्या भागात बसतो. आणि ज्या दिवशी 'त्याच त्या अलार्मला मुली दरवेळी का घाबरतात' असा विचार तुझ्या मनात येईल आणि तू अलार्मच्या मर्यादा कशा लावल्या आहेत ते तपासायला बसशील, त्या दिवशी तिसऱ्यात. क्रिटिकल केअर हा विषय घेऊन असं मास्टर्स केलंस तर पेशंटही सुटणार नाही आणि शिकवणंही सुटणार नाही. देशोदेशी या पदाची नावं वेगळी असतात, काही ठिकाणी असं वेगळं पदच नसतं. नाव नसलं तरी अभ्यासक्रमात हे तिन्ही भाग आहेत का ते बघ.

शिकवण्याची पदवी थेट घे असं मी म्हणत नाही. तुला मुलींना शिकवायला आवडतं की खाटेपाशी उभं राहून शिकवायला आवडतं, हे आधी कळायला हवं. मेट्रनबाईंना सांगून महिनाभर आठवड्यातून एक तास वर्गात घे, जिथे पेशंट नाही, फळा आहे आणि चाळीस मुली आहेत. घरी येताना जीव हलका असेल तर नर्सिंग एज्युकेशनचा विचार जरूर कर. सारखी वॉर्डाची आठवण येत असेल तर उत्तर तिथेच मिळालं.

अभ्यासक्रम कुठलाही घेतलास तरी काही गोष्टी प्रवेशाचे पैसे भरण्याआधी विचार. तुला जिथे काम करायचं आहे, तिथल्या नर्सिंग कौन्सिलची मान्यता त्या पदवीला आहे का, हे कौन्सिलकडूनच लेखी घे, कॉलेजच्या माहितीपत्रकावर विसंबू नकोस. इंटरनॅशनल कौन्सिल ऑफ नर्सेसनं २०२० मध्ये प्रगत नर्सिंगबद्दल मार्गदर्शक सूत्रं काढली, त्यात किमान मास्टर्सची शिफारस आहे. त्यामुळे भारी नावाची सहा महिन्यांची सर्टिफिकेट्स मास्टर्सच्या जागी चालतील असं समजू नकोस. पेशंटशी संबंधित शाखा घेत असशील तर तीन विषय पूर्ण वजनानं आहेत का बघ : पॅथोफिजिऑलॉजी, फार्माकॉलॉजी (औषधशास्त्र) आणि पेशंटची सखोल शारीरिक तपासणी. यातला एखादा नावापुरता उरकला असेल तर ते कॉलेज सोड. आणि प्रत्यक्ष कामाचे तास कोण मिळवून देणार, हेही विचार. काही ठिकाणी थिअरी ऑनलाइन असते आणि क्लिनिकलसाठी रुग्णालय विद्यार्थिनीलाच शोधावं लागतं. नोकरी, घर आणि हे शोधणं, यात माझ्या ओळखीच्या दोन हुशार मुलींचं अख्खं वर्ष गेलं. आत्ता शिकत असलेल्या मुलींशी बोल, पास होऊन गेलेल्यांशी नको. त्यांना आठवणी गोड वाटायला लागलेल्या असतात.

मेट्रनबाईंना नाही म्हणताना संकोचू नकोस. त्यांनी तुझ्यातली जबाबदारी ओळखली आहे. त्यांनाच सांग की मला वॉर्डात राहून हेच करायचं आहे, आणि अभ्यासाच्या दोन वर्षांत रोस्टर जुळवून द्याल का ते विचार. अॅडमिनिस्ट्रेशन कळणारी बाईच ते देऊ शकते.

प्रश्न : मी ब्रदर आहे, मास्टर्स होऊन चार वर्षं झाली. पीएच.डी. करू की डीएनपी (डॉक्टर ऑफ नर्सिंग प्रॅक्टिस)? एका ठिकाणी क्लिनिकल तास न करता सगळं ऑनलाइन होईल असं सांगतात.

उत्तर : दादा, पीएच.डी. नवीन ज्ञान शोधण्यासाठी असते आणि डीएनपी सापडलेलं ज्ञान पेशंटपर्यंत नेण्यासाठी. अमेरिकेत नर्सिंग कॉलेजांच्या संघटनेनं २००४ मध्ये प्रगत नर्सिंगसाठी डीएनपीची शिफारस केली, आणि तिच्या २००६ च्या निकषांत या पदवीसाठी पहिल्या पदवीनंतरचे किमान १००० तास प्रत्यक्ष कामाचे धरले होते. तेव्हा क्लिनिकल तासांशिवाय डीएनपी देतो म्हणणाऱ्याकडे फिरकू नका. पीएच.डी.साठी मात्र आधी प्रश्न लागतो. कामावर असताना एखादी गोष्ट 'असं का होतं' म्हणून वर्ष-दोन वर्षं तुम्हाला छळते आहे का? असेल तर ती एका पानावर लिहा आणि त्याच विषयावर काम करणारा मार्गदर्शक शोधा. कॉलेज नंतर बघा. प्रश्न सापडत नसेल तर चार वर्षं अजून वॉर्डात काढा, त्यात काहीही वाया जात नाही.