गाणं, पेटी, तबला घरी रेकॉर्ड करायचंय? माइक नंतर, आधी चॅनल मोजा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: १० बाय १२ ची खोली, गायिका, पेटी आणि तबला तिघं एकत्र बसणार, तानपुरा मोबाइलच्या ॲपवर, लॅपटॉप विंडोजचा. दोन यूएसबी माइक घेतले तर भागेल का, की इंटरफेस (माइकचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारा यूएसबीचा डबा) घ्यावा? घेतला तर कोणता आणि जोडणी कशी करायची? आणि मागच्या वेळी चार्जर लावला की घरघर येत होती, ती कशामुळे?

यूएसबी माइकचा विचार सोडून द्या. एकट्याने निवेदन करायला तो उत्तम, पण त्याच्या पोटात स्वतःचा कन्व्हर्टर (आवाजाचे आकडे करणारा भाग) आणि स्वतःचं घड्याळ असतं. दोन माइक म्हणजे दोन घड्याळं, आणि ती कधीच तंतोतंत सारखी चालत नाहीत. दहा लाखात ५० इतकाच फरक धरला तरी २० मिनिटांच्या ख्यालाच्या शेवटी एक ट्रॅक दुसऱ्यापेक्षा ६० मिलिसेकंद मागे पडतो. एवढ्यात तबल्याची सम हललेली कळते. शिवाय विंडोजवर एएसआयओ (आवाज कमी उशिराने ने-आण करणारा) ड्रायव्हर वापरला की बहुतेक सॉफ्टवेअर एका वेळी एकच उपकरण घेतात. म्हणून इंटरफेस एकच आणि सगळे माइक त्यात.

आता चॅनल, म्हणजे एकेका माइकची वेगळी वाट, मोजा. गाणं एक, पेटी एक, तबल्याला एक किंवा दोन (दायाँ आणि डग्गा वेगळे). म्हणजे माइकचे चार प्रीॲम्प (माइकचा क्षीण आवाज वाढवणारे भाग) हवेत. इथे बरेच जण फसतात. फोकसराइट स्कार्लेट ४आय४ च्या नावात चार आहे, पण त्यात माइकचे प्रीॲम्प दोनच, उरलेले दोन लाइन इनपुट (मोबाइलसारख्या आधीच जोरदार आवाजासाठी). बेहरिंगर यूएमसी४०४एचडी मध्ये मात्र चारही माइकचे आहेत, आणि या कामाला तो पुरतो. खोक्यावरचा आकडा न बघता ‘माइक प्रीॲम्प किती’ एवढंच दुकानदाराला विचारा. महागड्या माइकसाठी राखलेले पैसे आधी इथे घाला. एका उंची माइकमध्ये तिघांचा आवाज कोंबला तर नंतर पेटी दहा टक्के कमी करायची सोय राहत नाही.

तानपुऱ्याला चॅनल द्यायची गरज नाही. तो आधीच वेगळा रेकॉर्ड करून घ्या आणि गाताना लॅपटॉपवरून हेडफोनमध्ये वाजवा. पण त्याआधी पेटीचा सूर तपासा. पेटी नेहमी ४४० हर्ट्झवरच लावलेली असते असं नाही. ट्यूनर ॲपवर पेटीचा सा वाजवून बघा आणि तो जितके सेंट (अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) वर किंवा खाली असेल तितका तानपुरा बारीक ट्यूनिंगने सरकवा. पेटीचा सूर ऐन वेळी बदलता येत नाही, तानपुऱ्याचा येतो. काळी चार म्हणून ॲपवर नुसता जी शार्प निवडला आणि पेटी १० सेंट चढी निघाली, तर सगळ्या रेकॉर्डिंगभर सूर एकमेकांना घासत राहतील, आणि मिक्सिंगमध्ये ते निस्तरता येत नाही. तबला शेवटी, याच सा ला मिळवायचा.

मोबाइलमधून तानपुरा घेताना तार नीट निवडा. एका टोकाला ३.५ मिमीची स्टिरिओ पिन आणि दुसऱ्या टोकाला दोन मोनो पाव इंची पिना (दुकानात पी-३८ म्हणतात) अशी तार घ्या, आणि त्या दोन पिना दोन वेगळ्या लाइन इनपुटमध्ये लावा. एकच स्टिरिओ पिन एका इनपुटमध्ये खुपसू नका. बॅलन्स्ड इनपुट (तीन जोडांचा, बाहेरची घरघर कापणारा) पिनेचं टोक आणि रिंग यांच्यातला फरक घेतो, म्हणजे डावा वजा उजवा. दोन्हीकडे तोच आवाज असेल तर हाती जवळजवळ काहीच येत नाही, आणि स्टिरिओ असेल तर पोकळ, पातळ तानपुरा येतो. लोक मग ॲपला नावं ठेवतात.

माइक. आवाजाला ऑडिओ-टेक्निका एटी२०२० सारखा कंडेन्सर (नाजूक आवाजही टिपणारा, वीज लागणारा माइक), पेटीलाही तसाच किंवा लहान डायफ्रामचा कंडेन्सर, तबल्याला शुअर एसएम५७ सारखे डायनॅमिक (वीज न लागणारे). कारण संवेदनशीलतेत आहे. एटी२०२० ची उणे ३७ डेसिबल, एसएम५७ ची उणे ५६. म्हणजे तोच आवाज असताना एसएम५७ ला सुमारे १९ डेसिबल जास्त गेन (प्रीॲम्पने दिलेली वाढ) लागतो. तबला जवळून दणकट वाजतो, त्यामुळे तिथे काहीच अडत नाही, उलट पलीकडची पेटी कमी शिरते. हळुवार आलापीला मात्र तेवढा गेन चढवला की स्वस्त प्रीॲम्पची खरखर वर येते. पॉडकास्टच्या फोटोंत दिसणारा एसएम७बी घ्यावासा वाटत असेल तर तो आणखी कमी देतो (उणे ५९). मृदू गाण्याला त्याला ६० डेसिबलच्या आसपास स्वच्छ गेन हवा. तुमच्या कामाला तो नको.

एटी२०२० बाजूने ऐकतो, डोक्याकडून नाही. ज्या अंगाला कंपनीचं चिन्ह आहे ते अंग गायिकेकडे. उलटा लावलेला माइक चालू असतो, आवाजही येतो, फक्त खोलीतून आल्यासारखा येतो, म्हणून चूक लवकर सापडत नाही. हाच माइक एरवी १५ ते २० सेंमीवर चालेल, पण तार सप्तकात खुला आवाज लावणाऱ्या गायिकेला २५ ते ३० सेंमी ठेवा, मध्ये ५ ते ८ सेंमीवर पॉप फिल्टर (श्वासाचा फटका अडवणारी जाळी). जवळ गेलं की खर्जाचा फुगवटा वाढतो आणि ‘भ’, ‘फ’ चे फटके बसतात.

बसण्याची रचना बदला, यंत्रांपेक्षा याचा फरक जास्त पडतो. बैठकीत तिघं श्रोत्यांकडे तोंड करून ओळीत बसतात. तसं बसलात तर शेजारचा वादक माइकच्या कुशीला, म्हणजे ९० अंशांवर येतो, आणि कार्डिऑइड (समोरचं जास्त ऐकणारा) माइक तिथे जेमतेम ६ डेसिबलच कमी ऐकतो. त्याची बहिरी बाजू मागची. म्हणून तिघांना त्रिकोणात, एकमेकांकडे तोंड करून बसवा. प्रत्येकाचा माइक त्याच्याकडे बघतो आणि त्याची पाठ उरलेल्या दोघांकडे जाते. एकमेकांचे हात आणि नजर दिसतात, त्यामुळे समेवर येणंही सोपं जातं. दोन माइकमधलं अंतर हे माइक ते वाद्य या अंतराच्या किमान तिप्पट असू द्या. गायिकेचा माइक तिच्यापासून ३० सेंमी असेल तर पेटीचा माइक त्यापासून ९० सेंमी तरी लांब.

पेटीचा भाता डाव्या हाताने मागे चालतो, म्हणून माइक वादकाच्या उजव्या टोकाकडून, ३० ते ४० सेंमीवर, पट्ट्यांपेक्षा थोडा वर ठेवून तिरका आणा. फार खाली आणलात तर पट्ट्यांची खटखट येते, भात्याकडे नेलात तर वाऱ्याची सूं सूं. तबल्याला एकच माइक असेल तर दोन्ही पुड्यांच्या मधोमध, ३० सेंमी वर, वादकासमोरच्या बाजूने. दोन असतील तर दायाँवर १५ ते २० सेंमीवरून, शाई आणि मैदानाच्या हद्दीवर नेम धरून, आणि डग्ग्यावर २० ते २५ सेंमीवरून. हे दोन माइक तिपटीच्या नियमात बसत नाहीत, दोन्ही वाद्यं खेटूनच असतात. म्हणून रेकॉर्ड करून झाल्यावर एका ट्रॅकची फेज (आवाजाच्या लाटेची दिशा) उलटी करून ऐका. ज्या स्थितीत डग्ग्याचा घुमारा भरून येतो ती ठेवा. लो-कट (खालचे आवाज कापणारा फिल्टर) गळ्याला ८० ते १०० हर्ट्झवर चालेल, डग्ग्याला अजिबात लावू नका.

स्टँड छोटे बूमवाले घ्या, जमिनीवर बसायचं आहे. खाली सतरंजी. गोधडी किंवा गादी गायिकेच्या पाठीमागे उभी करा, माइकच्या मागे नाही, कारण माइक तिच्या दिशेने बघतो आणि तिच्यामागच्या भिंतीवरून उलटून आलेला आवाजच त्यात शिरतो. अंड्यांचे ट्रे भिंतीला ठोकू नका, काही होत नाही. खोलीच्या अगदी मध्यावर बसू नका. पंखा बंद.

जोडणीचा क्रम असा. इंटरफेस बंद, सगळे गेन शून्यावर, स्पीकर बंद. माइकच्या तारा दोन्ही टोकांना तीन पिनांची एक्सएलआर (साउंडवाले कॅनन म्हणतात) असलेल्या घ्या. लॅमिंग्टन रोडला किंवा बुधवार पेठेत स्वस्त माइकबरोबर एका टोकाला पी-३८ असलेली तार गळ्यात मारतात. तिच्यातून फँटम पॉवर (कंडेन्सरला तारेतूनच मिळणारी वीज) जात नाही आणि डायनॅमिक माइक लाइन इनपुटमध्ये गेला तर आवाज अगदीच बारीक येतो. तारा लावल्या की इंटरफेस थेट लॅपटॉपच्या पोर्टला, हबमध्ये नाही. मग ४८ व्होल्टचं फँटम चालू करा. स्वस्त इंटरफेसवर हे बटण बऱ्याचदा सगळ्या इनपुटना एकच असतं. एक्सएलआर तारेवरच्या चांगल्या स्थितीतल्या डायनॅमिक माइकला त्याने काही होत नाही. स्पीकर सगळ्यात शेवटी चालू. बंद करताना उलट क्रम, नाहीतर स्पीकरला दणका बसतो.

ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरून उतरवा आणि सॉफ्टवेअरमध्ये तोच एएसआयओ निवडा. रीपर (रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर) ६० दिवस पूर्ण वापरून बघता येतो, तो पुरे. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. चार ट्रॅकना मिनिटाला सुमारे ३५ एमबी, म्हणजे तासाला २ जीबीच्या थोडं वर जागा लागते. ९६ किलोहर्ट्झच्या मागे लागू नका, जागा दुप्पट आणि कानाला फरक नाही.

गेन ठरवताना ‘हॅलो, चेक’ म्हणून भागत नाही. गायिकेला तार षड्जावर खुला आवाज लावायला सांगा, तबलजीला जोरात चाटीचा ‘ना’ आणि तिहाई वाजवू द्या, आणि त्या क्षणाचं शिखर मीटरवर उणे १० ते १२ डेसिबलवर ठेवा. सरासरी उणे १८ च्या आसपास राहते. मीटर अर्धाच भरतो म्हणून घाबरू नका. २४ बिटमध्ये खाली भरपूर जागा आहे, वर शून्याला टेकलं की फाटलेला आवाज परत शिवता येत नाही.

हेडफोन बंद पाठीचे हवेत (सोनी एमडीआर-७५०६, एटीएच-एम४०एक्स असे), उघड्या पाठीच्या हेडफोनमधून तानपुरा माइकमध्ये गळतो. तिघांना द्यायचे तर इंटरफेसच्या हेडफोन आउटवर बेहरिंगर एचए४०० सारखा चार तोंडांचा ॲम्प लावा. स्वतःचा आवाज उशिरा ऐकू येतो अशी तक्रार आली तर कारण बफर (संगणक आवाज साठवून मग पुढे देतो तो तुकडा) आहे. ४८ किलोहर्ट्झवर २५६ सॅम्पल म्हणजे एका बाजूचे ५.३ मिलिसेकंद, ५१२ म्हणजे १०.७, आणि कन्व्हर्टर व ड्रायव्हरचे वरती. उपाय बफर खेचत बसण्यात नाही, इंटरफेसवरच्या डायरेक्ट मॉनिटरमध्ये आहे. आवाज संगणकात न जाता थेट कानात येतो. तो चालू केलात की सॉफ्टवेअरमधलं मॉनिटरिंग बंद करा. दोन्ही चालू राहिले तर आवाज नळातून आल्यासारखा दुहेरी ऐकू येतो. मग बफर निवांत ५१२ ठेवा, चटचट आवाज येणार नाहीत.

आता घरघर. आधी ती फाइलमध्ये उतरली आहे की फक्त स्पीकरमध्ये आहे ते बघा: स्पीकर काढून हेडफोनवर रेकॉर्डिंग ऐका. फाइल स्वच्छ असेल तर दोष स्पीकरच्या वाटेवर, ग्राउंड लूपचा (दोन उपकरणांच्या अर्थमधून फिरणाऱ्या प्रवाहाचा). लॅपटॉप आणि स्पीकर वेगवेगळ्या सॉकेटवर असतील तर एकाच एक्स्टेंशन बोर्डवर आणा आणि इंटरफेस ते स्पीकर बॅलन्स्ड टीआरएस (तीन जोडांच्या पाव इंची पिनांच्या) तारा लावा. बहुतेक वेळा इथेच मिटतं. फाइलमध्येही असेल तर चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करून बघा. थांबली तर दोषी चार्जर, किंवा घराचं अर्थिंग. जुन्या इमारतींत तिसऱ्या भोकात तार असते पण ती जमिनीपर्यंत पोचलेली नसते, इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. अर्थची पिन कापणं किंवा दोन पिनांचा ॲडॉप्टर लावणं हा उपाय नाही, त्यात शॉक बसून जीव जाऊ शकतो. घरघर जाड, ५० हर्ट्झची नसून बारीक चिरकी असेल तर पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, डिमर किंवा इन्व्हर्टर शोधा. मोबाइल तारांपासून दूर, एअरप्लेन मोडवर.

खरी बंदिश सुरू करण्याआधी दोन मिनिटांचा तुकडा घ्या, त्यात संथ आलाप आणि एक जोरकस तिहाई दोन्ही असू द्या, आणि प्रत्येक ट्रॅक एकटा ऐका. गायिकेच्या ट्रॅकमध्ये पेटी फार येत असेल तर माइक हलवण्याआधी पेटीचं वरचं झाकण लावून बघा. तरी राहिली तर पेटी अर्धा फूट मागे सरकवा आणि तिचा गेन वाढवा.