रंध्र उघडंच असतं, मग सरमिसळ का होत नाही?

प्रश्न : केंद्रकपटलाच्या रंध्रांतून एम-आरएनए (प्रथिन बनवण्याचा निरोप नेणारा धागा) बाहेर येतो, प्रथिनं आत जातात, एवढंच बारावीला शिकवतो. पण दिशा ठरवतं कोण?
– एक शिक्षिका, दापोली

उत्तर : रंध्र नाही ठरवत. दाभोळ खाडीचं मुख एकच. पाणी आत की बाहेर, ते भरती-ओहोटीवर. पेशीत ते काम रॅन हे छोटं प्रथिन करतं (फक्त इथे भरती नि ओहोटी एकाच वेळी चालू!). त्याला जीटीपी (ऊर्जा साठवणारा छोटा रेणू) चढवणारं आरसीसी-१ हे प्रथिन केंद्रकातल्या गुणसूत्रांना चिकटलेलं असतं, आणि तो जीटीपी फोडायला लावणारं रॅनगॅप हे प्रथिन बाहेर पेशीद्रवात. म्हणून रॅन-जीटीपी (जीटीपी चढलेला रॅन) आत भरपूर, बाहेर जवळजवळ नाहीच.

रंध्रात लोंबत्या प्रथिनधाग्यांचं जाळं असतं. साधारण ४० किलोडाल्टनपर्यंतचे (हे रेणूच्या वजनाचं माप) रेणू त्यातून आपसूक निसटतात. मोठ्यांना वाहक लागतो : आत नेणारं इम्पोर्टिन, बाहेर नेणारं एक्स्पोर्टिन. इम्पोर्टिन बाहेर माल उचलतं, आत रॅन-जीटीपी येऊन चिकटला की सोडतं. एक्स्पोर्टिनचं उलटं : रॅन-जीटीपी सोबत असेल तरच माल धरतं, बाहेर तो फुटला की माल सुटतो.

गफलत होते ती एम-आरएनएबाबत. बहुतेक एम-आरएनए या रॅनवर अवलंबूनच नसतो. एका टोकाला टोपी, मधले नको असलेले तुकडे कापणं (स्प्लायसिंग), दुसऱ्या टोकाला पॉली-ए शेपटी, एवढं झालं की त्यावर एनएक्सएफ-१ हा वाहक चढवला जातो. रंध्राच्या बाहेरच्या तोंडाशी डीडीएक्स-१९ हे प्रथिन एटीपी (पेशीचं इंधन) खर्चून तो वाहक उतरवतं. मग धागा मागे सरकू शकत नाही. म्हणूनच लेप्टोमायसिन-बी या रसायनाने एक्स्पोर्टिन-१ हा वाहक बंद पाडला तरी बहुतेक एम-आरएनए बाहेर येतच राहतो.

प्रश्न : जीएफपीला (हिरवं चमकणारं प्रथिन) केंद्रकाचा पत्ता (आत नेण्याची खूण असलेला अमिनो आम्लांचा छोटा क्रम) जोडला, तरी हिरवी चमक बाहेरही दिसते. पत्ता चुकला का?
– एमएस्सीचा विद्यार्थी, रत्नागिरी

उत्तर : पत्त्याला लगेच दोष नको. जीएफपी २७ किलोडाल्टनचं; ते पत्त्याशिवायही आत शिरतं नि बाहेर झिरपतं. दोन-तीन जीएफपी सलग जोडा, म्हणजे झिरपण्याइतकं छोटं राहणार नाही. एसव्ही-४० विषाणूचा पत्ता असेल (प्रोलिन, तीन लायसिन, आर्जिनिन, लायसिन, व्हॅलिन), तर दुसऱ्या लायसिनच्या जागी थ्रिओनिन घालून (म्हणजे पत्ता बिघडवून) तुलनेचा नमुना करा. तो बाहेरच राहायला हवा. शक्यतो जिवंत पेशी बघा. आणि विभाजन चाललेल्या पेशी मोजणीतून वगळा : तेव्हा पटलच विरघळलेलं असतं, चमक सगळीकडे पसरणारच.