एल्बर्टला जायच्या आधी एवढं वाच

अगं,

तुझा मेसेज काल रात्री वाचला. जुलैमध्ये तीन आठवडे डेन्व्हर, ऑफिसचं ट्रेनिंग, आणि त्यातल्या एका वीकेंडला फोर्टीनर (कोलोरॅडोतला चौदा हजार फुटांवरचा डोंगर) करायचाय, तोही डायरेक्ट माउंट एल्बर्ट. वाचून खूप आनंद झाला बघ. मी तिकडे दोन वर्षं होतो तेव्हा चारदा गेलो त्या डोंगरावर, तीनदा माथा झाला. जो एकदा झाला नाही त्याचंच आज तुला सांगायचंय, कारण तू शेवटी विचारलंस, "काका, ट्रेल सोपा आहे म्हणतात, कळसूबाईसारखाच ना?"

वाट खरंच सोपी आहे. शिड्या नाहीत, रॉक पॅच नाही, हात लावावा लागेल असं काही नाही, मळलेली पायवाट थेट माथ्यापर्यंत. हरिश्चंद्रगडाची नळीची वाट केलेल्या मुलीला त्यात भीती वाटण्यासारखं काहीच नाही आणि नेमकं तिथेच आपण सह्याद्रीवाले फसतो. कळसूबाई १,६४६ मीटर. डेन्व्हरचा एअरपोर्ट त्याच्याही किंचित वर आहे, म्हणजे तू विमानातून उतरून बॅगची वाट बघत उभी असशील तेव्हाच महाराष्ट्रातल्या सगळ्यात उंच जागेइतकी वर असशील. एल्बर्टची वाट सुरू होते साधारण ३,०६० मीटरला आणि माथा ४,४०१. सगळ्या रॉकीजमधला सगळ्यात उंच डोंगर आहे तो. आपल्या पायांना चढाची सवय आहे गं, पण त्या उंचीची सवय आपल्यापैकी कुणालाच नाही.

हवेत ऑक्सिजनचं प्रमाण वर गेल्यावर बदलत नाही, तिथेही २१ टक्केच असतो. पण हवेचा दाब कमी होतो, त्यामुळे एल्बर्टच्या माथ्यावर एका श्वासात समुद्रसपाटीच्या साधारण ६० टक्केच ऑक्सिजन आत येतो. शरीर यातून मार्ग काढतं, श्वास वाढवतं, रक्तात बदल करतं, पण त्याला दिवस लागतात, आणि तुझा फिटनेस हे दिवस कमी करत नाही. मॅरेथॉन पळणारा माणूस आणि रोज खुर्चीत बसणारा माणूस, डोकं दोघांचंही सारखंच दुखू शकतं. उलट फिट माणूस जोरात चढतो म्हणून जास्त लवकर अडचणीत येतो.

आता तो दिवस. आमच्या टीममधला एक मित्र भारतातून आला होता, बुधवारी रात्री उतरला, शुक्रवारी आम्ही डोंगराजवळच्या लेडव्हिल गावाला गेलो, शनिवारी पहाटे डोंगरावर. प्लॅन माझा होता, सगळं मी ठरवलं होतं, आणि तो सह्याद्रीत माझ्यापेक्षा भारी चालणारा म्हणून मला काळजीच वाटली नाही. झाडं संपली तोपर्यंत मस्त गप्पा चालू होत्या. पुढे तो बोलायचा कमी झाला, मला वाटलं दमला असेल. ४,१०० च्या आसपास थांबलो, वारा सुटला होता म्हणून जॅकेट घाल म्हटलं. त्याने घातलं आणि चेन लावायला लागला. खालचं टोक त्या खाचेत बसेना. मी पाणी प्यायलो, बाटली ठेवली, मागे बघतो तर हा अजून चेनच लावतोय, दोन्ही हातांनी, अगदी मन लावून, आणि टोक खाचेच्या बाजूने परत परत निसटतंय. "बरा आहेस ना?" तर म्हणाला "एकदम ओके". उभं राहून चार पावलं सरळ चाल म्हटलं, एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावून, तर तिसऱ्या पावलाला तोल गेला.

माथा समोर दिसत होता. पण तो चढावा असा विचारसुद्धा मनात येऊ नये असा तो क्षण होता, आणि खरं सांगतो, माझ्या मनात आला. दोन-तीन सेकंदच, पण आला. मग त्याची सॅक मी घेतली, त्याचा दंड धरला आणि खाली निघालो. झाडांच्या रेषेपाशी पोचेपर्यंत तो नीट बोलायला लागला होता, आणि पार्किंगच्या जरा वर त्याने "खायला काय आहे" विचारलं तेव्हा माझ्या डोळ्यात पाणी आलं. मेंदूला सूज यायला लागली की माणूस दारू प्यायल्यासारखा चालतो आणि त्याला स्वतःला ते कळत नाही. म्हणून म्हणतो एकटी जाऊ नकोस, आणि सोबतच्याला हे सगळं आधीच सांगून ठेव.

त्यामुळे सगळ्यात पहिली तयारी कॅलेंडरची. तुझे तीन आठवडे आहेत ना, मग एल्बर्ट शेवटच्या वीकेंडला टाक. डेन्व्हरला राहून थोडी सवय होईलच, दुसऱ्या वीकेंडला एखाद दिवस तीन-साडेतीन हजार मीटरवर सोप्या वाटेवर फिरून ये. मग शेवटच्या आठवड्यात जमलं तर शुक्रवारची सुट्टी घे, गुरुवारी रात्री फ्रिस्कोला मुक्काम कर (साधारण २,७७० मीटर), शुक्रवारी लेडव्हिल (३,०९४ मीटर), नुसतं गावात भटकायचं, भरपूर जेवायचं, लवकर झोपायचं, आणि शनिवारी पहाटे चढाई. झोपायची उंची हळूहळू वाढवणं हाच खरा सराव. शुक्रवारी सुट्टी नाही मिळाली तर एल्बर्ट सोड, तिथे आसपास सुंदर तळी आहेत, तिकडे जा. डेन्व्हरहून रात्री दोनला गाडी काढून थेट चढणारे लोक तुला भेटतील आणि ते माथा करूनही येतात, पण ते वर्षानुवर्षं तिथे राहतात, त्यांचं बघून तू करायचं नाही. आणि त्या दोन रात्री बिअर किंवा झोपेची गोळी अजिबात नको, श्वास मंदावतो झोपेत.

पायांची तयारी इकडेच करून जा. एल्बर्टला वाटेतले चढउतार धरून साधारण १,४३० मीटर चढ आहे, जाऊन-येऊन १५-१६ किलोमीटर. आतकरवाडीतून सिंहगड सलग दोनदा, पाठीवर सहा-सात किलो घेऊन, असं महिन्याभरात चार-पाच रविवार कर. के टू एस (कात्रज ते सिंहगड) केली असशील तर उत्तमच. पण वेळ लावून पळू नकोस, उलट हळू चालायला शीक. तिथे वेग एवढाच ठेवायचा की चालता चालता पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, वाक्य तुटलं की वेग कमी. झाडांच्या वर गेल्यावर हे इतकं हळू वाटतं की लाज वाटते, वाटू दे.

डायमॉक्सबद्दल, म्हणजे उंचीचा त्रास टाळायच्या गोळीबद्दल विचारलंस. ॲसिटाझोलामाइड म्हणजेच ते, श्वास वाढवायला मदत करतं आणि सवय लवकर होते. प्रतिबंधासाठी सहसा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, वर जायच्या आदल्या दिवसापासून देतात, पण हे तुझ्या डॉक्टरांना विचारूनच, सल्फाची ॲलर्जी असेल तर आवर्जून सांग. अमेरिकेत चिठ्ठीशिवाय मिळत नाही, म्हणून इकडूनच प्रिस्क्रिप्शनसकट घेऊन जा. बोटांना मुंग्या येतात, लघवीला जास्त जावं लागतं, सोडा प्यायलीस तर विचित्र चव लागते, घाबरू नकोस. आणि एक, डोकं दुखायला लागल्यावर पेनकिलर खाऊन वर चढायचं नाही. डोकेदुखी, त्यासोबत मळमळ किंवा गरगरणं, एवढं दिसलं की तिथून वर नाही, वाढलं तर खाली. बसल्याजागी दम लागत असेल, खोकला थांबत नसेल, तोल जात असेल तर विचारच करायचा नाही, लगेच खाली. उतरणं यापेक्षा मोठं औषध नाही.

दुसरी गोष्ट वीज. आपल्याकडे पावसाळी ट्रेकची एवढी सवय की ढग आले की आपल्याला उलट बरं वाटतं. तिथे जुलै-ऑगस्टमध्ये सकाळ निळीशार असते, दहा-अकरापासून पांढरे ढग फुगायला लागतात आणि दुपारी गडगडाट, कधी कधी गारा. आणि एल्बर्टवर साधारण ३,६०० मीटरच्या वर एक झाड नाही, त्या धारेवर सगळ्यात उंच वस्तू तूच. म्हणून पहाटे चारला हेडलॅम्प लावून चालायला लाग आणि बाराच्या आधी परत झाडांत यायचंच. मी साडेदहा हा आकडा धरतो, साडेदहाला जिथे असेन तिथून मागे, माथा पन्नास मीटरवर का असेना. हा आकडा आदल्या रात्री कागदावर लिहून सोबतच्याला दाखव, कारण वर गेल्यावर मन वाटाघाटी करायला लागतं, त्यातून एल्बर्टला खोटे माथे आहेत, "हाच" म्हणून पोचावं तर मागे अजून एक उभा, त्यामुळे "आता आलोच आहोत" हे वाक्य तिथे सारखं तोंडात येतं. विजेनंतर तीस सेकंदांच्या आत आवाज आला किंवा केस उभे राहिले, काठी गुणगुणायला लागली, तर धार सोडून पटापट खाली, एकमेकांत अंतर ठेवून, एकट्या झाडाखाली थांबायचं नाही. आदल्या दिवशी नॅशनल वेदर सर्व्हिसच्या साइटवर नकाशात लेडव्हिल गावावर नाही तर नेमकं डोंगरावर क्लिक करून अंदाज बघ, दोन्हीत खूप फरक असतो.

कपड्यांचं थोडक्यात, कॉटन आणि जीन्स नाही. डेन्व्हरमध्ये घामाच्या धारा लागलेल्या असताना वर पहाटे शून्याच्या आसपास असू शकतं, त्यात वारा. ड्रायफिट, फ्लीस, पाणी न शिरणारं जॅकेट, कानटोपी, हातमोजे, जुलै असला तरी. सनस्क्रीन आणि गॉगल विसरू नकोस, उंचीवर ऊन आपल्या कल्पनेपेक्षा जास्त भाजतं. पाणी तीन लिटर, त्यातल्या एका बाटलीत इलेक्ट्रल. भूक मरते वर, म्हणून भूक लागायची वाट न बघता पाऊण तासाने काहीतरी तोंडात टाक. मी दाण्याचा लाडू आणि खजूर नेतो, चिकटत नाही, हातमोज्यांतूनही खाता येतो. ठेपले पार्किंगमध्ये परत आल्यावर, काय लागतात म्हणून सांगू.

वाटेवर रेंजचा भरवसा नाही, नकाशा ऑफलाइन डाउनलोड करून ठेव. खरंच अडकलीस तर ९११ (तिथला आणीबाणीचा नंबर), आणि उशीर न करता. तिथले रेस्क्यूवाले बहुतेक स्वयंसेवक असतात, त्यासाठी बिल लावत नाहीत, त्यामुळे पैशाच्या भीतीने फोन टाळू नकोस. हॉस्पिटलचं बिल मात्र वेगळं आणि भयंकर, म्हणून ट्रॅव्हल इन्शुरन्सच्या कागदात ट्रेकिंग आणि उंचीबद्दल काय लिहिलंय ते जायच्या आधी वाच, बऱ्याच पॉलिसींमध्ये ठरावीक उंचीच्या वर काही मिळत नाही. आणि अनोळखी नंबर उचल गं! २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये याच एल्बर्टवर एक जण वाट चुकला, रात्रभर भटकला, रेस्क्यूवाले त्याला सारखे फोन करत होते आणि नंबर ओळखीचा नाही म्हणून त्याने एकही उचलला नाही. सकाळी स्वतःच परत आला, पण तोपर्यंत माणसं त्याला अंधारात शोधत फिरली.

झाडांच्या वर पायवाट सोडून चालू नकोस, तिथली ती बोटभर उंचीची फुलझाडं तुडवली गेली की परत यायला कित्येक वर्षं लागतात. माथ्यावर गारद म्हणावीशी वाटेल, पण तिथे लोक शांत बसलेले असतात, हळू म्हण. ऐकायला जाईल ज्याला जायचंय त्याला.

आता कामं. या रविवारी सिंहगड एकदा करून किती वेळ लागला आणि मध्ये किती थांबलीस ते कळव. डॉक्टरांची अपॉइंटमेंट जूनच्या पहिल्या आठवड्यात घे. सोबत कोण येतंय त्याचं नाव आणि नंबर मला आणि बाबांना दोघांनाही पाठव, ट्रेलचं नाव नॉर्थ माउंट एल्बर्ट असं नीट लिहून, कारण साउथ वेगळा आहे आणि तिथली गाडी लावायची जागाही वेगळी. खाली आलीस की लगेच मेसेज कर, इकडे रात्र असेल तरी मी जागा असेन.

तुझा,
काका

ता. क. जुने हातमोजे आहेत माझ्याकडे, चांगले आहेत, बाबांकडे देऊन ठेवतो.