‘दास बूट’ या दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन पाणबुडीवरच्या सिनेमाचा कंटाळा आला म्हणताय?

तुमच्या दोन तक्रारी आहेत. एक, पहिला तासभर काहीच घडत नाही. दोन, हिटलरच्या आरमारातल्या खलाशांसाठी आपण जीव मुठीत धरून का बसायचं? तुम्ही पाहिलीत ती अडीच तासांची, १९८१ साली थिएटरात लागलेली आवृत्ती. पहिल्या तक्रारीवर माझं म्हणणं असं की तुम्ही पुरेसे कंटाळलाच नाहीत.

सिनेमातली ही सात-सी जातीची यू-बोट, म्हणजे त्या काळची जर्मन पाणबुडी. लांबी ६७ मीटर, पण त्यातली बरीचशी टाक्या, इंजिनं, बॅटऱ्या आणि टॉर्पेडोंनी खाल्लेली. उरलेल्या बोळात पन्नासेक माणसं. पाळी संपली की दुसऱ्याने नुकत्याच सोडलेल्या बंकवर आडवं व्हायचं. संडास दोन, त्यातला एक सुरुवातीला किराण्याने भरलेला. पण खरी गोम वेगळीच. आज आपण पाणबुडी म्हणतो तशी ही नव्हेच. ही एरवी पृष्ठभागावर चालणारी आणि गरज पडली तर बुडी मारणारी बोट. डिझेल इंजिनाला हवा लागते, त्यामुळे खाली गेलं की सगळी भिस्त बॅटरीवर. वर १७ नॉट (ताशी १७ सागरी मैल), खाली जेमतेम ७, आणि तेवढा वेग धरला तर बॅटरी बघता बघता बसते. तिच्या मागावर असलेल्या विनाशिकेचा, म्हणजे शत्रूच्या वेगवान युद्धनौकेचा, वेग ३० नॉटच्या पुढे. म्हणजे पळून जाणं हा पर्यायच नाही. खोल जायचं, मोटर मंद करायची आणि वरचा कंटाळून निघून जाईपर्यंत तोंड बंद ठेवायचं.

हे ध्यानात घेऊन तो डेप्थ चार्जचा, म्हणजे वरून टाकलेल्या आणि पाण्याखाली फुटणाऱ्या बॉम्बचा, प्रसंग परत बघा. शत्रू दिसतच नाही. हायड्रोफोनवाला पाण्यातले आवाज टिपणारं यंत्र कानाला लावून दबक्या आवाजात दिशा सांगतो, सगळ्यांच्या माना वर, आणि विनाशिकेच्या पंख्याचा आवाज आता सगळ्यांनाच ऐकू येतोय. मग सोनारचा तो टिंग... टिंग. बाहेर एकही जहाज न दाखवता केवळ आवाजावर माणसाला घाम फोडणं हे या सिनेमाचं खरं कर्तृत्व. त्याला मिळालेल्या सहा ऑस्कर नामांकनांपैकी दोन ध्वनीसाठी होती, त्यात नवल नाही. आणि हा ताण चढतो, कारण त्याआधी तुम्ही त्या बोळात निरर्थक दिवस काढलेले असतात: वादळ, बुरशी धरलेला पाव, अश्लील विनोद, रिकामं क्षितिज. अटलांटिकच्या मधोमध आपलीच दुसरी बोट भेटते तेव्हा सगळे खूश होतात, एकटा कप्तान वैतागतो. दोघं एकाच जागी, म्हणजे पहाऱ्याच्या साखळीत कुठेतरी भोक पडलंय. शहाण्या माणसाची चीड एवढ्या नेमकेपणाने क्वचितच दाखवली जाते.

कॅमेऱ्याबद्दलही सांगायला हवं. छायालेखक योस्ट व्हाकानो यांनी हातात धरायच्या कॅमेऱ्याला तो स्थिर ठेवणारे जायरोस्कोप जोडले आणि म्युनिकच्या बव्हारिया स्टुडिओतल्या प्रतिकृतीत तो घेऊन नटांच्या मागे अक्षरशः धावले. डोकं आपटेल म्हणून हेल्मेट, अंगाला गाद्या. सेटची भिंत काढून ऐसपैस शूटिंग करण्याचा सोपा मार्ग त्यांनी घेतला नाही. शूटिंग बऱ्याच अंशी कथेच्या क्रमाने झालं, नटांना उन्हापासून लांब ठेवलं. त्या दाढ्या आणि तो पांढुरका रंग निव्वळ मेकअपचा नाही.

आता दुसरी तक्रार, आणि ती रास्त आहे. सुरुवातीलाच पडद्यावर येतं की ४०,००० जर्मन पाणबुडी सैनिकांपैकी ३०,००० परतले नाहीत. दिग्दर्शक वोल्फगांग पीटरसन सांगत की लॉस एंजेलिसच्या खेळाला या ओळीवर टाळ्या पडल्या, आणि शेवटी तेच प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवत होते. पण हा सिनेमा माफीनामा नाही. जळत्या टँकरचा प्रसंग आठवा. टॉर्पेडो मारून झाल्यावर कळतं की जहाजावर अजून माणसं आहेत. ती पाण्यात उड्या टाकतात, बोटीच्या दिशेने पोहत येतात, आणि कप्तान बोट मागे घ्यायला सांगतो. नियमाने तो बरोबर असेलही. पण तोवर त्याच्याबद्दल आपल्याला आपुलकी वाटू लागली आहे, आणि दिग्दर्शकाने ती नेमकी इथे आपल्या गळ्यात अडकवली आहे. पक्षनिष्ठ अधिकारी बोटीवर एकच, आणि तो सगळ्यांच्या चेष्टेचा विषय. ही मात्र मला जरा सोयीची वाटणी वाटते.

मूळ कादंबरीकार लोथार-ग्युंथर बुखहाइम स्वतः १९४१ साली युद्धवार्ताहर म्हणून यू-९६ या खऱ्या बोटीवर गेले होते. त्यांना सिनेमा भडक वाटला, आरडाओरडा जास्त वाटला. थोडं खरं आहे. पाण्याच्या दाबाने बोल्ट गोळीसारखे सुटणं एकदा ठीक, दर वेळी नको. ला रोशेल या फ्रेंच बंदरातला शेवटही मला जुळवून आणलेला वाटतो. खऱ्या यू-९६ चा कप्तान लेमान-विलेनब्रोक युद्धातून वाचला, इतकंच नव्हे तर या सिनेमाचा सल्लागार होता. बोट १९४५ मध्ये विल्हेल्म्सहाफेनला बॉम्बहल्ल्यात गेली.

जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीतला भाग मात्र निर्दोष. २८० मीटरवर बोट तळाला टेकते, बॅटऱ्या फुटलेल्या, पाणी शिरतंय, आणि पुढचा बराच वेळ सिनेमा म्हणजे निव्वळ दुरुस्ती. आधी धीर सुटून जागा सोडणारा इंजिनवाला योहान इथे बुडी मारून गळती थांबवतो, तेही भाषणाशिवाय. (आपल्या माझगाव गोदीत बांधलेल्या ‘शल्की’ आणि ‘शंकुल’ या पाणबुड्यांचा आराखडा जर्मन. गोदीतल्या कुणाला गाठून हा भाग एकदा सोबत बघा, टिप्पणी ऐकण्यासारखी असते.)

तेव्हा आता १९९७ ची साडेतीन तासांची आवृत्ती मिळवा. टीव्ही मालिकेची जोडून केलेली जवळपास पाच तासांचीही आहे, पण ती दुसऱ्यांदा बघताना. आवाज जर्मनच ठेवा, खाली उपशीर्षकं. इंग्रजी डबिंग बऱ्याच नटांनी स्वतःच केलंय, तरी कुजबुजीतली धार जाते. मोबाइलच्या स्पीकरवर बघणार असाल तर राहू द्या, हेडफोन मिळेपर्यंत थांबा.